पॅडलबोर्डावर विंडफॉइल: वाऱ्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

"आज वाराच नव्हता." फॉइल लावलेला पॅडलबोर्ड किनाऱ्याला ओढत आणताना हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता माझं मलाच हसू येतं. पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायचा लांब बोर्ड. त्यावर शीड लावायचं आणि खाली फॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाला पंख, जे वेग आला की बोर्डाला पाण्याच्या वर उचलतात. हेच विंडफॉइल. दहा नॉट (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) वारा होता, माझ्याच वजनाचा एक जण शेजारून पाण्याच्या हातभर वरून सुळकन निघून जात होता आणि माझा बोर्ड पाण्याला गोंद लावल्यासारखा चिकटलेला. चुका किनाऱ्यावरच झाल्या होत्या, पाण्यात फक्त त्यांचा निकाल लागत होता.

एक शब्द आधी वाटून घेऊ. या खेळात दोन मास्ट असतात, शिडाचा वर आणि फॉइलचा पाण्याखाली. घोळ नको म्हणून शिडाच्या मास्टला डोलकाठी म्हणतो आणि फॉइलच्या मास्टला दांडा.

फिन बॉक्सवर भरवसा

पॅडलबोर्डाच्या शेपटाकडे फिनसाठी, म्हणजे दिशा धरणाऱ्या खालच्या पात्यासाठी, बहुधा दहा इंची खाच तयारच असते. तोच फिन बॉक्स. त्यात फॉइल बसवणारी अडॅप्टर पट्टी मिळाली की वाटतं, काम झालं. मलाही वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी वळताना पायाखाली "कट्" असा बारीक आवाज आला, वाळकी फांदी मोडल्यासारखा. किनाऱ्यावर बोर्ड उलटा केला तर बॉक्सच्या कडेने केसाएवढी भेग होती. अंगठ्याने दाबलं की तिच्यातून पाण्याचे बुडबुडे येत होते.

हिशेब साधा आहे. दांडा 80 सेंटिमीटर लांब, बॉक्सची खोली जेमतेम अडीच. म्हणजे खालच्या पंखावर आडवा रेटा आला की बॉक्सच्या भिंतींवर तो ढोबळमानाने तीसपट होऊन पोचतो. फिनसाठी बांधलेली खाच हे सहन करायला बनलेलीच नाही. फॉइलचे बोल्ट धरणारे, 90 मिलिमीटर अंतरावरचे दोन समांतर ट्रॅक (खाचा) बसवून घ्या, तेही नुसत्या वरच्या कवचात नाही. आतला फोम कोरून, भोवती दाट फोमचा ठोकळा बसवून आणि वरून फायबरग्लासचे थर देऊन. हे हात बसलेल्या दुरुस्तीवाल्याचं काम आहे. हवा भरायच्या बोर्डावर हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बोर्ड लवतो आणि पंखाचा कोन दर लाटेला बदलत राहतो.

फॉइल शेपटाला, डोलकाठी नाकाकडे

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, त्यामुळे जरा थांबून वाचा.

शीड लावता येणाऱ्या पॅडलबोर्डात डोलकाठीसाठी जो पेच असतो तो साधारण मधल्या हँडलच्या पुढे असतो. फॉइलशिवाय तिथे तो ठीकच आहे. पण फॉइल पार शेपटाला लावलं की डोलकाठीचा पाया आणि पुढचा पंख यांच्यात मोठी दरी पडते. माझ्या बोर्डावर ती सव्वाशे सेंटिमीटर होती. मग होतं काय, तर बूम (शिडाची हातात धरायची आडवी दांडी) धरायला तुम्ही पुढे उभे राहता आणि पंख उचल देतो तुमच्या पाठीमागे. शेपूट उचलायला बघतं, नाक पाण्यात दाबलं जातं आणि बोर्ड नांगरासारखा पाणी फाडत बसतो. शिवाय शिडाची ओढ फॉइलच्या फार पुढे लागते, त्यामुळे नाक सारखं वाऱ्याच्या पाठीकडे वळू पाहतं.

तपासणी घरच्या घरी होते. फॉइल काढून बोर्डाच्या नाकाखाली आणि शेपटाखाली उशा ठेवा, शीड उभं करा, कुणाला तरी डोलकाठी धरायला सांगा आणि बूम हातात घेऊन नेहमीसारखे उभे राहा. मागचा पाय दांड्याच्या जागेच्या बरोबर वर आणि पुढचा खांद्याएवढं अंतर सोडून पुढे, असं अवघडल्याशिवाय जमलं पाहिजे. उचलीचा मध्य या दोन पायांच्या मध्ये आला की गणित जुळलं. बूमपर्यंत हात ताणावा लागत असेल तर फॉइल पुढे आणा किंवा डोलकाठीचा पाया मागे घ्या. मी दोन्ही केलं आणि दरी सत्तरवर आणली. त्याच शिडाने, तेवढ्याच वाऱ्यात बोर्ड पहिल्यांदा पाणी सोडून वर आला.

नंतर बदल करताना एका वेळी दोन सेंटिमीटर, आणि एकच गोष्ट. पाया मागे आणला की नाक हलकं होतं, पुढे नेला की जड. दोन्ही एकदम हलवलं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

शीड वाढवलं, पंख लहानच

ऑलिम्पिकची चित्रं बघून होणारी ही चूक. 2024 च्या खेळांत मार्सेलला आयक्यूफॉइल, म्हणजे विंडफॉइलचा ऑलिम्पिक प्रकार, धावलं. त्यात पुढचा पंख 900 चौरस सेंटिमीटरचा, पण वर पुरुषांना 9 आणि महिलांना 8 चौरस मीटरचं शीड, आणि खाली अवघ्या 220 सेंटिमीटरचा बोर्ड. आपल्याकडे तीन मीटरहून लांब पॅडलबोर्ड आणि हौशी ताकद.

80 किलोचा माणूस आणि 25 किलोचं सामान धरा. 900 च्या पंखाला उचलायला दहा नॉटच्या आसपास वेग लागतो, 2000 च्या पंखाला सातच्या आसपास. पॅडलबोर्ड चार-साडेचार नॉटला स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकतो, म्हणून हा फरक फार मोलाचा. मोठ्या पंखाने त्या क्षणी जवळजवळ चाळीस टक्के वजन आधीच पेललेलं असतं. शीड 6 च्या आसपास ठेवा आणि पैसे पंखावर घाला. शीड फार ताणून सपाटही करू नका, मंद वाऱ्यात त्याला पोट लागतं.

नुसतं उभं राहून वाट बघणं

मंद वाऱ्यात बोर्ड आपोआप उठत नाही. झुळूक येताना दिसली, म्हणजे पाण्यावर गडद सुरकुती सरकत आली, की वारा कडेपेक्षा किंचित मागून घ्या आणि शिडाला तीन-चार लांब हिसके द्या. छोटे-छोटे झटके नकोत, वल्हं मारल्यासारखे पूर्ण ओढा. वेग आला की मागच्या पायाने एकदा दाबा. हिसके आणि पाय दोन्ही पहिल्या सेकंदापासून सुरू केले तर मागचा पाय ब्रेकसारखा लागतो.

वर आल्यावर आणखी एक फसगत होते. वेगामुळे वारा पुढून येतोय असं वाटतं, शीड फडफडू लागतं आणि माणूस घाबरून ते सोडतो. इथे उलट करायचं, शीड थोडं आत ओढायचं.

उठतो तो थेट रॉकेटसारखा

वर येताच वजन पुढच्या पायावर गेलं नाही तर पंख पाण्याबाहेर डोकावतो, हवा ओढतो आणि उचल एका झटक्यात संपते. बोर्ड नाकावर आपटतो आणि तुम्ही बूमवरून पुढे. फुटबॉलच्या उंचीएवढंच उडायचं असं ठरवूनच निघा. आधी वजन हलवा, मग पाया पुढे सरकवा. एवढं करूनही मागचा पाय रिकामा ठेवावा लागत असेल, तर स्टॅबिलायझरखाली (मागच्या छोट्या पंखाखाली) अर्ध्या अंशाची शिम, म्हणजे पातळ पाचर, घालून त्याचा खाली दाबणारा कोन कमी करा. थेट शिमवर उडी मारणारे बरेच दिसतात, आणि मग नाक वर येत नाही म्हणून कुरकुरतात.

पॅडलबोर्डाच्या लांब नाकाचा त्रास मात्र राहणारच. ते लाटेला थापटतं आणि वळताना जडपणे फिरतं. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

किरकोळ, पण महागात पडणारं

कंबरेएवढ्या पाण्यातून थेट उडायला जाऊ नका. दांडा 80 चा असला तरी खाली पंख, त्याखाली वाळू किंवा दगड. छातीच्या वर पाणी आल्याशिवाय मी शीडही उचलत नाही. हेल्मेट आणि मार झेलणारं जाड जॅकेट घाला. पडताना पाण्यावर आडवे पडा, सूर मारू नका, कारण फॉइल कुठे आहे ते त्या क्षणी कळत नाही.

आणि बोल्ट. अॅल्युमिनियमचा दांडा, स्टीलचे बोल्ट आणि खारं पाणी एकत्र आले की काही आठवड्यांत ते एकमेकांना सोडत नाहीत. रोज गोड्या पाण्याने धुवा, सुटे करा, आट्यांना गंजरोधक जेल लावा. माझा एक बोल्ट आजही डोकं उडालेल्या अवस्थेत फ्यूजलाजमध्ये (दोन्ही पंखांना जोडणाऱ्या आडव्या दांडीत) बसलाय.