बाबांचा ओसीटी काढलाय? मेंदूच्या आजारासाठी तो रिपोर्ट कसा वाचायचा

डोळ्याच्या फोटोवरून अल्झायमर कळतो असे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर फिरतायत, मग दादरच्या आमच्या क्लिनिकमध्ये लोक आई-बाबांना घेऊन येतात आणि म्हणतात तो मेंदूवाला स्कॅन करा. असा वेगळा स्कॅन नाहीये हो, काचबिंदूसाठी काढतो तोच ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणारा स्कॅन.

बातमी मात्र खोटी नाही. रेटिना (डोळ्याचा पडदा) आणि डोळ्याची नस हा मेंदूचाच वाढलेला भाग, त्यामुळे तिकडची झीज इथे दिसू शकते. लंडनच्या मूरफिल्ड्स हॉस्पिटलच्या टीमने २०२३ मध्ये दीड लाखांवर पेशंटचा डेटा बघून दाखवलं की पार्किन्सनवाल्यांमध्ये रेटिनाचा गँगलियन सेलचा थर, म्हणजे मेंदूकडे सिग्नल पाठवणाऱ्या पेशींचा थर, पातळ असतो, आणि हे बदल निदानाच्या सरासरी ७ वर्षं आधीही सापडतात. पण हा हजारो लोकांच्या सरासरीतला फरक आहे, तुमच्या बाबांच्या एका कागदावरून भविष्य नाही निघत.

तरी काढायचाच तर नीट काढा. जाताना जुना चष्मा आणि शुगरचे रिपोर्ट घेऊन जा. हनुवटी स्टँडवर, कपाळ पट्टीला टेकलेलं, समोरच्या खुणेकडे बघायचं, काही सेकंदांचं काम आहे. पण म्हाताऱ्या माणसांचे डोळे कोरडे असतात, ते पापणी उघडी धरून ठेवतात आणि चित्र धुरकट येतं, म्हणून शॉट घेण्याआधी दोन-तीनदा डोळे मिटायला सांगा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर पुढचे काही तास अंधुक दिसतं, तेव्हा दादर स्टेशनच्या जिन्यावर त्यांना एकटं सोडू नका, टॅक्सी करा.

रिपोर्ट आला की लाल रंग बघून घाबरू नका, आधी कोपऱ्यातला सिग्नल स्ट्रेंथ, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आलाय तो आकडा, बघा. १० पैकी ६ च्या खाली असेल तर थरांच्या जाडीचे आकडे धरूच नका, स्कॅन परत काढा, मोतीबिंदू असला की हे हमखास होतं. मग नर्व्ह फायबर लेयरचा (डोळ्याच्या नसेच्या तंतूंच्या थराचा) ग्राफ, नॉर्मल डोळ्यात त्याला उंटासारखे दोन उंचवटे असतात आणि सरासरी जाडी साधारण ९० ते १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आसपास. गँगलियन सेलचं पान वेगळं येतं, ते मागून घ्या, कारण अभ्यासांमध्ये जास्त चर्चा त्याच थराची आहे.

आता लाल का येतो? मशीन तुमचा आकडा त्याच वयाच्या नॉर्मल लोकांशी ताडून बघतं, खूप पातळ निघाला की लाल दाखवतं, आणि मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांब असल्याने त्यांचा थर तसाही पातळ मोजला जातो. काचबिंदूत पातळ होतो, डायबिटीसमध्येही होतो. म्हणून लाल दिसलं की पहिला प्रश्न काचबिंदूचा, डोळ्याचं प्रेशर आणि फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं त्याची तपासणी) करून घ्या, अल्झायमर फार नंतर.

दुसरा स्कॅन वर्षभराने त्याच मशीनवर काढा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि ३-४ मायक्रॉन कमी झाले म्हणून रात्रभर जागू नका, तेवढा फरक एकाच डोळ्याच्या दोन स्कॅनमध्येही येतो.

खरी काळजी वाटत असेल तर बाबांकडे बघा. वास येईनासा झालाय का, झोपेत हातपाय झाडतात का, ओरडतात का, बँकेच्या स्लिपवरचं अक्षर बारीक होत चाललंय का, तोच प्रश्न पाच मिनिटांत परत विचारतात का. हे सगळं तारखांसकट लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, केईएम, सायन, नायर कुठेही ओपीडी आहे, तिथे बी-१२ आणि थायरॉइडही तपासतील, कारण विसरभोळेपणा त्यानेही येतो आणि तो बरा होण्यासारखा असतो.

आणि स्कॅन करताना मोतीबिंदू सापडला तर तो आधी उरका. उपचार न केलेली कमी दृष्टी ही डिमेन्शियाची (अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाची) टाळता येणारी रिस्क आहे असं लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलच्या तज्ज्ञ कमिशनने २०२४ मध्ये यादीत घातलंय, आणि आपल्याकडे ऑपरेशन गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर, मग उन्हाळा संपल्यावर असं ढकलत राहतात.