थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर) दाबला की तुमचा रिमोट कंट्रोलचा मॉडेल ट्रक उजवीकडे पळतो?

आधी रिमोटच्या स्टिअरिंग ट्रिमवरचा (चाकांचा मध्य थोडा सरकवणाऱ्या बटणावरचा) हात काढा. मी दोन संध्याकाळी त्यातच घालवल्या. फुल थ्रॉटलला ट्रक सरळ जायचा, पण बोट सोडलं की डावीकडे वळायचा. ओढ फक्त जोर दिल्यावर येते आणि ट्रिम मात्र कायम लागू राहतो, मग जमणार कसं?

हळू, एकसारख्या वेगात चालवून बघा. तेव्हाही ट्रक एका बाजूला जात असेल तर दोष टॉर्कचा, म्हणजे मोटरच्या फिरवणाऱ्या जोराचा, नाही. टायर, बेअरिंग, टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असणं) तपासा.

माझा ट्रक सॉलिड ॲक्सलचा (डावं-उजवं चाक एकाच अखंड आसावर), 3एस लायपोवर (तीन सेलच्या लिथियम बॅटरीवर) चालणारा. अशा ट्रकमध्ये शाफ्ट (गिअरबॉक्समधून ॲक्सलकडे जाणारा फिरता दांडा) ॲक्सलला पीळ देतो आणि चॅसी (ट्रकचा सांगाडा) उलट्या दिशेला कलते. ॲक्सलमधलं गिअर रिडक्शन 3:1 असेल (शाफ्टच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक), तर त्या ॲक्सलच्या चाकांना मिळणाऱ्या टॉर्कचा साधारण एक तृतीयांश शाफ्टवर येतो. पोर्टल ॲक्सलमध्ये चाकाजवळ आणखी रिडक्शन असतं, म्हणून तिथे हा पीळ कमी. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये मागून व्हिडिओ काढा. चॅसी कुठे झुकते ते लगेच दिसतं.

पण माझ्या ट्रकची खरी खोड पुढे निघाली. सर्वो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर) चॅसीवर, तिथून ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा रॉड) ॲक्सलकडे. जोरात निघताना नाक वर उठतं, तसा ॲक्सल पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सलला चॅसीशी आडवं बांधणाऱ्या रॉडच्या) कमानीत आडवा सरकतो. ड्रॅग लिंकची कमान वेगळी असेल, तर सर्वो जागचा हलला नाही तरी चाकं वळतात. तपासणी सोपी: रिमोट चालू, सर्वो मध्यावर, चाकं जमिनीवर. आता चॅसीचं नाक हाताने वर-खाली करा. माझी चाकं चांगलीच उजवीकडे वळली, आणि मी इतके दिवस मोटरला शिव्या देत होतो! समोरून बघताना दोन्ही रॉड समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे हवेत. पॅनहार्डचं चॅसीकडचं टोक एक भोक खाली घेतलं आणि निम्म्याहून जास्त ओढ तिथेच गेली.

उरलेल्यासाठी मागे अँटी-रोल बार. चॅसीचं कलणं त्याने आवरतं. एकाच बाजूच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासूनचा दाब) वाढवण्याचा सल्ला बरेच देतात, मला तो पटत नाही. ट्रक उभा असतानाच वाकडा दिसतो. पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांच्या उलट फिरवणं हाही उपाय आहे, पण गिअरबॉक्स त्या सोयीचा हवा. नुसता एका ॲक्सलचा डिफ (शाफ्टचं फिरणं चाकांकडे नेणारा गिअरसंच) उलटा बसवलात, तर पुढची-मागची चाकं एकमेकांविरुद्ध फिरतील.

ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) पंच, म्हणजे निघतानाचा झटका, सगळ्यात शेवटी कमी करा. आधीच केलात तर ओढ झाकली जाते आणि खोड सापडत नाही. चाचणी दर वेळी फुल चार्ज बॅटरीवरच घ्या. उतरलेल्या लायपोवर ट्रक शहाण्यासारखा सरळ पळाला म्हणून मी एकदा बार न लावताच टूलबॉक्स बंद केला होता.