बॉक्स्टरच्या एक्झॉस्टचे गंजलेले बोल्ट: काढायचे कसे, नवे कुठले टाकायचे

९८६ म्हणजे पोर्शाची पहिली बॉक्स्टर, १९९६ ते २००४ वाली. यूकेत आता जुनी बऱ्यापैकी स्वस्तात मिळते म्हणून मोह होतोच, पण गाडी घेताना कोणी खाली वाकून एक्झॉस्टचे बोल्ट बघत नाही, आणि मग एक दिवस थंड इंजिन सुरू केल्यावर मागून टिकटिक ऐकू येते किंवा एमओटीवाला, म्हणजे यूकेतली गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी करणारा, लीक लिहून हातात देतो. इंजिन फ्लॅट सिक्स, दोन्ही बाजूंना ३-३ सिलिंडर, हेडर, म्हणजे इंजिनला लागलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप, धरायला प्रत्येक बाजूला ६ बोल्ट, एकूण १२. सगळे एम८ (८ मिमी जाड), पोलादी, आणि घुसलेत ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे बोल्टचं डोकं झिजून झिजून अर्धं होतं आणि आटे आत चिकटून बसतात. बोल्टची किंमत किरकोळ, खरा खर्च तो काढण्याचा.

आधी सामान जमवा, गाडी नंतर उचला. पोर्शाचा पार्ट कॅटलॉग, ज्याला सगळे पेट म्हणतात, तो पीडीएफमध्ये फुकट मिळतो, त्यात आपलं वर्ष आणि मॉडेल बघून एक्झॉस्टचं पान काढा. नंबर ९९६ ने सुरू झाला तर घाबरू नका, चुकीचं पान नाहीये, बॉक्स्टर आणि त्या काळची ९११ (तिचाच कोड ९९६) यांचे ढीगभर पार्ट एकच आहेत. नट, बोल्ट, वॉशर असलं साधं सामान बहुतेक ९०० किंवा ९९९ ने सुरू होतं. नंबर हातात असला की डीलर, ऑनलाइन दुकान, जर्मनीतला कोणी, कुठेही भाव विचारता येतो. बोल्ट बाराच्या बारा नवे घ्या, वर एक-दोन जास्तीचे ठेवा, दोन्ही बाजूंचे गॅस्केट नवे, आणि कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ते सायलेन्सर जोडणारे क्लॅम्पसुद्धा नवे, कारण जुना क्लॅम्प उघडताना बरेचदा तुटतोच.

आता स्टेनलेस घालू का, हा प्रश्न सगळे विचारतात. गंजणार नाही हे खरं, पण साधा ए२-७० स्टेनलेस ७०० मेगापास्कलचा आणि ८.८ चा पोलादी बोल्ट ८०० चा, शिवाय स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर एकमेकांत घासून जाम होतात. माझं मत विचाराल तर कंपनीच्या नंबरचे बोल्ट घ्या आणि विसरा. हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यातून कुठलाही एम८ उचलून लावायचा नाही, लांबी थोडी जास्त असली तर तो तळाला टेकतो आणि हेडर दाबलाच जात नाही, तुम्हाला वाटतं घट्ट झालं.

काढायच्या आदल्या रात्री बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारा, प्लसगॅस किंवा तसलंच काहीतरी, सकाळी परत मारा. गाडी ॲक्सल स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. मागची चाकं काढली की हात बराच आत जातो. चष्मा घाला, गंजाचे कपचे सरळ डोळ्यात पडतात. सॉकेट १३ चं, पण ६ कोनी घ्या, १२ कोनी सॉकेट झिजलेल्या डोक्यावरून घसरतं. डोकं आधीच बारीक झालं असेल तर १२ चं किंवा अर्ध्या इंचाचं सॉकेट हातोडीने ठोकून बसवा, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, कधीकधी अगदी फिट बसतं. पहिला झटका उलटा नाही, आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या, मग परत, असं पुढेमागे. स्प्रिंगसारखं लवायला लागलं आणि बोल्ट फिरत नसेल तर थांबा, तो आता पिळवटतोय.

इथेच बहुतेक लोक अजून मोठा पाना आणतात आणि बोल्ट हेडच्या आत तोडून बसतात. अडलेल्या बोल्टशी कुस्ती खेळू नका, त्याचं डोकं आपणच मुद्दाम काढून टाका. ग्राइंडरने, किंवा जुनाच हेडर परत लावायचा असेल तर साडेआठच्या ड्रिलने मधोमध, डोकं आपोआप सुटतं. सगळे झाले की हेडर ओढून काढायचा. मग फ्लँजच्या, म्हणजे हेडरच्या बोल्ट लागणाऱ्या सपाट पट्टीच्या, जाडीइतका बोल्ट बाहेर उभा राहतो, ताणही गेलेला असतो, तेव्हा त्याला पकडीने धरा नाहीतर त्याच्यावर नट वेल्ड करून पान्याने फिरवा. वेल्डिंगची धग बसली की तो बरेचदा मुकाट्याने निघतो. फक्त वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, अग्निशामक शेजारी ठेवा, आणि ऑइल पुसून घ्या कारण ते पेटतं. टॉर्चने तापवणार असाल तर लक्षात ठेवा, ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि त्याआधी पोलादासारखं लाल होऊन सांगत नाही.

आणि तरी आतच तुटला तर? मग ड्रिल, पण हातअंदाजाने नाही. फ्लँजला बसणारी जिग मिळते, ती ड्रिलला बरोबर मध्यावर ठेवते, उलट्या फिरणाऱ्या बिटने तर कधी कधी तुकडा फिरून बाहेरच येतो. भोक ६.८ मिमीच्या पुढे नेऊ नका, एम८ चे आटे पाडणाऱ्या टॅपसाठी भोकाचं माप तेच. इझी-आउट नावाचा, तुटका बोल्ट उलटा फिरवून उपसायचा प्रकार मी तरी वापरणार नाही, तो आत तुटला तर इतका कडक असतो की त्याला ड्रिलसुद्धा लागत नाही. आटे गेलेच तर हेलिकॉइल किंवा टाइमसर्ट, म्हणजे भोकात बसवायचे नवे आटे. पुण्यात असतो तर कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे गेलो असतो, इथे मशीन शॉपचा तासाचा भाव ऐकून ड्रिल शिकलेलं परवडतं.

बसवणं त्या मानाने सोपं. आटे चेसरने साफ करा, कापणाऱ्या टॅपने नाही, फुंकर मारा, हेडची सपाटी प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने स्वच्छ करा. आट्यांना निकेल किंवा सिरॅमिकवालं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, अगदी थोडं. बोल्ट सगळे आधी हाताने, एकही तिरका जाता कामा नये, मग मधून बाहेरच्या दिशेने दोन-तीन फेऱ्यांत २३ न्यूटन मीटर. ऐकायला कमी वाटतं, पण तेवढंच, तेल लागलेल्या आट्यांवर तर त्याहून जास्त अजिबात नको. ऑक्सिजन सेन्सर काढला असेल तर २२ चं खाचेचं सॉकेट लागतं, त्याच्या टोकाला ग्रीस लागू देऊ नका. मागचे क्लॅम्प ढिले ठेवा, सायलेन्सर सरळ बसला, कुठे बॉडीला टेकत नाही बघितलं, की मग इंजिनकडून मागे असं आवळत जा.

याच ओघात कॅट काढून टाकायचा विचार डोक्यात आला असेल तर रस्त्यावरच्या गाडीत नको, एमओटीत धूर तपासतात.

लीक बघायला व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपला लावा, दुसरा पाइप असेल तर चिंधीने बंद करा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील. हे थंड गाडीवर, इंजिन बंद असताना. मग दोन-चार वेळा गाडी चांगली तापवून फिरवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि बोल्टांवर परत तोच २३ चा टॉर्क रेंच लावून बघा. गरम असताना हात लावायचा नाही.