रिपीटर उघडतो, पण आवाज जात नाही? हँडसेटवरून रिपीटर वापरताना

सह्याद्रीत ५ वॅटचा हँडसेट (हातातला वॉकी-टॉकी) एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात पोहोचत नाही, कारण व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर येतो. डोंगरमाथ्यावरचा रिपीटर तुमचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जोरात पाठवतो. भारतात २ मीटरचा हॅम (हौशी रेडिओचा) बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. परवाना मात्र आधी हवा. त्यासाठी वयाची अट १२ वर्षं पूर्ण.

समजा, रिपीटर १४५.६०० वर बोलतो. मग तो बहुधा ६०० किलोहर्ट्झ खाली, म्हणजे १४५.००० वर ऐकतो. सेटमध्ये १४५.६०० टाका, शिफ्ट (पाठवण्याची फ्रिक्वेन्सी वर की खाली) ‘मायनस’ ठेवा, ऑफसेट (दोन्हींतलं अंतर) ०.६०० द्या आणि पाठवण्याच्या बाजूला त्या रिपीटरचा सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा खालचा सूर, तो ओळखला तरच रिपीटर उघडतो, म्हणजे पुढे पाठवू लागतो) लावा, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झ. बाओफेंग यूव्ही-५आरमध्ये हे मेनू २५, २६ आणि १३. टोन मेनू ११ मध्ये लावला तर तो ऐकण्याच्या बाजूला बसतो. रिपीटर तसा टोन परत पाठवत नसेल, तर तुमचा सेट गप्पच राहील. ही चूक फार जण करतात. मेनू ७ मधला ड्युअल वॉच (दोन चॅनेल आळीपाळीने ऐकणं) बंद ठेवा, नाहीतर उत्तर भलत्याच चॅनेलवर जातं.

पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला. टोन ओळखून रिपीटर उघडायला वेळ लागतो आणि घाईत तुमचा कॉलसाइनच (परवान्यावरचं ओळख-नाव) अर्धा कापला जातो. अँटेना उभा, माइक तोंडापासून चार बोटं लांब. आवाज तुटत असेल तर ओरडू नका, एक पाऊल बाजूला सरका. डोंगरावरून परावर्तित लहरी एकमेकींना मारतात, त्यामुळे अर्ध्या मीटरवरही फरक पडतो. छतावर अँटेना लावत असाल तर केबल आखूड ठेवा. १० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये ५ वॅटपैकी जवळपास २ वॅट वाटेतच संपतात.

आपत्तीत दोन बोलण्यांच्या मध्ये दोन सेकंद मोकळे सोडा, म्हणजे कुणाला ‘ब्रेक, इमर्जन्सी’ म्हणून शिरता येईल. निरोप आधी कागदावर लिहा: कुठून, काय झालं, किती माणसं, काय हवं. आकडे सुटे सांगा, ‘पंधरा’ नव्हे, ‘एक पाच’. समोरच्याकडून परत वाचून घ्या. नेट कंट्रोल (कोण कधी बोलेल हे ठरवणारा) ठरला असेल तर त्याला विचारल्याशिवाय मध्ये बोलू नये, मग काम कितीही घाईचं वाटो. अपवाद फक्त जिवावर बेतलेल्याचा.

लांबण लावू नका, कारण माथ्यावर वीज गेली की रिपीटर बॅटरीवर असतो. २५ वॅटचा सेट पाठवताना साधारण ६ अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासाच्या लेड-अॅसिड बॅटरीतली निम्मीच वापरली, तर सलग बोलण्यावर ती आठ तासांत बसते. बोलणं पाचातल्या एका वाट्याइतकं ठेवलं तर दिवसभराहून जास्त तगते. बहुतेक रिपीटरांत टाइमआउटही (सलग पाठवण्याची मर्यादा) असतो, बऱ्याचदा ३ मिनिटांचा; तो संपला की तुम्ही बोलत राहता आणि ऐकणारं कुणी नसतं.

रिपीटर बंद पडला तर काय, हे आधीच ठरवा. एक सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलण्याचा) चॅनेल सगळ्यांच्या सेटमध्ये भरून ठेवा, शिफ्ट आणि टोन दोन्ही बंद करून. जवळचा माणूस थेट पोहोचतो का हे पाहायला रिव्हर्स (ऐकण्या-पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सींची अदलाबदल करणारं बटण) दाबा आणि तो बोलत असताना १४५.००० ऐका. तिथे आवाज स्वच्छ असेल, तर तुम्हा दोघांना रिपीटर अडवायची गरजच नाही.