इंदूरचा पिनकोड ४५२००१: मोठ्या संख्येचे अवयव कसे पाडावेत

इंदूरच्या मुख्य टपाल कचेरीचा पिनकोड ४५२००१. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच. पत्त्यात रोज लिहिली जाणारी ही संख्या हाताने सोडवायला फार सुंदर आहे. वही घ्या, कॅल्क्युलेटर दूर ठेवा. मुलांना जवळ बसवलंत तर एक सांगा: इथल्या हिंदी शाळेत ज्याला ते ‘अभाज्य’ आणि ‘गुणनखंड’ म्हणतात, त्याच आपल्या मूळ संख्या आणि अवयव.

आधी नुसतं पाहा. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ने भाग जातो, ९ने जात नाही.

आता ७, ११ आणि १३ एकदम तपासा. संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट करा आणि वजा करा: ४५२ − ००१ = ४५१. हे चालतं, कारण ७ × ११ × १३ = १००१. ४५१ला ७ किंवा १३ने भाग जात नाही, ११ने जातो. इथे मुलं हमखास फसतात: ४५१ = ११ × ४१, म्हणून ४१ही अवयव असेल असं त्यांना वाटतं. पण ही कसोटी १००१च्या अवयवांपुरतीच आहे. ४५२००१ला ४१ने भागलं तर बाकी १७ उरते.

३ने भागून १५०६६७, मग ११ने भागून १३६९७. ३ आणि ११ पुन्हा लावून पाहा. आता जात नाहीत.

१३६९७ मूळ आहे का? संख्येचे दोन भाग पडले, तर दोन्ही तिच्या वर्गमूळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. ११७चा वर्ग १३६८९, म्हणून ११७पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. सुरुवातीलाच ४५२००१वर हे करायला बसलो असतो, तर ६७२पर्यंतच्या १२१ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. म्हणून लहान अवयव आधी काढून टाकायचे. आता १७पासून ११३पर्यंत फक्त २४ भागाकार उरतात. तेवढे मात्र खरोखर करा, एकही गाळू नका. ८३ला बाकी २, १०७ला बाकी १, इतकं जवळ येऊन हुकतं. पण निःशेष भाग एकालाही जात नाही. १३६९७ मूळ ठरली.

४५२००१ = ३ × ११ × १३६९७. तीन वेगळे मूळ अवयव, म्हणून विभाजक २ × २ × २ = ८. त्यांची बेरीज (१+३)(१+११)(१+१३६९७) = ६५७५०४.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. ज्या मूळ संख्येला ४ने भागून बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच रीतीने. १३६९७ तशीच आहे. ते वर्ग शोधायचे कसे? एक विषम संख्येचा असणार, दुसरा सम. विषम संख्येच्या वर्गाला ८ने भागलं की नेहमी १ उरतो, आणि १३६९७लाही १च उरतो. म्हणजे सम संख्येच्या वर्गाला ८ने भाग जायलाच हवा, म्हणून ती संख्या ४च्या पाढ्यातली. ४, ८, १२ असे वर्ग वजा करत चला. एकोणिसाव्या खेपेला ७६ येतो: १३६९७ − ५७७६ = ७९२१, आणि ७९२१ म्हणजे ८९चा वर्ग.