एकच गोळी दोन नावांनी
ताप आला म्हणून पॅरासिटामॉल घेतली, नाक वाहतंय म्हणून वर सर्दीची गोळी. दोन दुखणी, दोन गोळ्या. हिशेब बरोबर वाटतो. पण सर्दीच्या स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचा. तिथेही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच.

निरोगी प्रौढाला 24 तासांत 4,000 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. 650 च्या सहा गोळ्यांतच 3,900 होतात, मग सर्दीच्या गोळीला जागा कुठे उरली? जास्त झालं की मार यकृताला बसतो आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. म्हणून शंका आली तरी त्रासाची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. यकृताचा आजार असेल, वजन कमी असेल किंवा रोज दारू घेत असाल तर ही मर्यादा खाली येते, ती डॉक्टरांनाच विचारा. मुलांचा डोस तर वजनावरच ठरतो.

मी गोळी घेतली की स्ट्रिपवर पेनाने वेळ लिहून टाकतो. तापात ‘मघाशी’ म्हणजे नेमकं कधी, ते आठवत नाही. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेली बाजू शेवटपर्यंत राखायची.