लाडकं फीचर बंद करायचंय? आधी बंदीचे महिने बाजूला काढा

मिस्ड कॉल दिला की बंदरावरचा मासळीचा भाव एसएमएसने येतो. ही सोय रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरकरवाड्यात किंवा हर्णैला लोकांना एवढी जवळची का वाटते, हे कळल्याशिवाय ती बंद करायचा विषयच काढू नका. हात ओले, फोन बटनांचा, रेंज नुकती आलेली. जेटीला लागायच्या आधी सुरमईचा भाव कळला की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, व्यापाऱ्याशी ताठ मानेने बोलतो. ॲपमधले रंगीत आलेख त्या क्षणी कामाचे नाहीत.

नवखे हमखास फसतात ते आकड्यांत. गेल्या नव्वद दिवसांचा वापर काढायचा, तो घसरलेला दिसला की "लोकांना आता हे नकोय" म्हणायचं. पण अहवाल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला असेल, तर त्या नव्वदातले ६१ दिवस मासेमारीबंदीचे असतात, १ जून ते ३१ जुलै. होड्या झापांनी शाकारलेल्या, लिलाव बंद, मग भाव विचारणार कोण? लोकांनी फीचर सोडलेलं नसतं, समुद्र बंद असतो. म्हणून सप्टेंबर मागच्या सप्टेंबरशीच ताडून बघा. आणि नंबर मोजू नका, होड्या मोजा. एका फोनवर आलेला भाव सगळ्या खलाशांना कळतो, तुमच्या तक्त्यात मात्र तो एकच माणूस दिसतो. हे दोन्ही तपासल्याशिवाय बंद करायची तारीख ठरवली तर पुढचं सगळं चुकतं.

वेगवेगळ्या साइटींवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारा गूगल रीडर बंद होणार हे १३ मार्च २०१३ ला जाहीर झालं आणि १ जुलैला तो बंद झाला. कारण दिलं होतं वापर घटल्याचं. मुदत होती, आपला डेटा काढून न्यायची सोय होती, तरी राग राहिला. माझ्या मते, तेच काम करणारं दुसरं काही त्यांनी हातात दिलं नाही, म्हणून. तुमची पर्यायी सोय बटनांच्या फोनवर चालत नसेल तर थांबा. फोन केल्यावर भाव वाचून दाखवणारी सेवा आधी सुरू करा.

वेळापत्रक साधं आहे. घोषणा एप्रिलमध्ये, जेटी भरलेली असताना. जून-जुलैत जाळी विणत बसलेल्यांना शेजारी बसून शिकवा. मात्र गावी गेलेले खलाशी, त्यात नेपाळचेही, ऑगस्टमध्ये परततात; त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. दोन्ही सोयी ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू ठेवा. ऑक्टोबरात आधी सांगून दोन दुपारी दोन-दोन तास जुनी सेवा बंद ठेवा. ज्यांचे फोन येतील ते अजून शिकलेले नाहीत, त्यांच्याकडे जाऊन बसा. बंदीतच गुपचूप बंद करून टाका असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. हंगामाच्या पहिल्याच लिलावाला माणूस तोंडघशी पडतो आणि ते विसरत नाही.

एसएमएस देवनागरीत असेल तर एका संदेशात ७० जागा. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ७० च्या वर गेलात की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे दोन संदेशांचे लागतात. "१ नोव्हेंबरपासून मिस्ड कॉलवर भाव बंद. फोन करून ऐका." एवढ्याला ५१ जागा लागतात; नव्या सेवेचा दहा अंकी नंबर आरामात बसतो. मजकूर डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी यंत्रणेवर, आधी मंजूर करून घ्या, ऐन वेळी अडतो. "आनंदाने कळवत आहोत" हे कृपा करून लिहू नका. समोरच्याचं काहीतरी जातंय.

शिव्या पडतील, घाबरू नका. भांडणारा माणूस अजून तुमचाच असतो; गप्प झालेल्याला आधी फोन करा. तारीख एकदा दिली की पुढे ढकलू नका, नाहीतर पुढची तारीख कुणी खरी मानत नाही. आणि जुना नंबर निदान पुढचा एक हंगाम सोडू नका. मिस्ड कॉल आला की उलट फोन जाऊन त्या दिवशीचा भाव वाचून दाखवला पाहिजे, आणि शेवटी नवा नंबर दोनदा, सावकाश.